धागा: फ्रीस्पेस २ आणि इतर अंतराळयुद्धाचे खेळ – जॉयस्टिक, वेग आणि ऊर्जेची वाटणी

खटपट्या

मंडळी, 'कोणता खेळ चांगला' या धाग्यात फ्रीस्पेसबद्दलचे प्रश्न इतके विखुरलेत की शोधताना दमछाक होते. म्हणून हा वेगळा धागा. विषय एवढाच: अंतराळातल्या विमानांच्या लढाईचे खेळ घरच्या संगणकावर नीट कसे चालवायचे आणि हाताला नीट कसे बसवायचे. कथानक, पात्रं, 'तिसरा भाग का आला नाही' वगैरे चर्चा कृपया दुसरीकडे.

नवीन लोकांसाठी: फ्रीस्पेस २ व्होलिशनने बनवला, इंटरप्लेने काढला, साल १९९९. सोर्स कोड २००२मध्ये खुला झाला आणि त्यावर फ्रीस्पेस ओपन (यापुढे एफएसओ) उभं राहिलं. खेळाचं इंजिन त्यामुळे फुकट आहे, पण मूळ फाइली विकतच घ्याव्या लागतात. जीओजीवर (जुन्या खेळांचं ऑनलाइन दुकान) मिळतात, सेल असेल तर वडापावच्या भावात.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विकत घेतलेला खेळ, मग नोसॉसनेट हा लाँचर. त्याला मूळ खेळाचं फोल्डर किंवा इन्स्टॉलर दाखवायचा, म्हणजे तो फाइली आपल्या जागी नेतो आणि इंजिन उतरवून घेतो. यानंतर लगेच मीडियाव्हीपीज (सुधारित मॉडेलं आणि प्रकाशपरिणामांचं पुडकं) चढवायची घाई करू नका. एकदा मूळ खेळ तसाच सुरू करा, आवाज येतो का, जॉयस्टिक दिसते का, पहिली प्रशिक्षण मोहीम पूर्ण होते का ते बघा. दोन्ही एकदम बसवलं आणि काळा पडदा आला की दोष कुठला हे कळायला मार्ग राहत नाही.

लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तरी मूळ खेळ आरामात पळतो. मीडियाव्हीपीजसोबत अडखळला तर आधी सावल्या बंद करा, मग पोस्ट-प्रोसेसिंग. रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी कमी करा, कारण लांबचं लढाऊ विमान म्हणजे चारदोन ठिपके असतात आणि तेच दिसेनासे होतात.

आता मुद्द्याचं. 'नेम लागत नाही' ही तक्रार दर दोन प्रतिसादांनंतर येते. माझं स्पष्ट मत: नेम हा उजव्या हाताचा प्रश्न वाटतो, पण बहुतेक वेळा बिघाड डाव्या हातात असतो. वेग आणि ऊर्जा जिथल्या तिथे ठेवून सगळं लक्ष क्रॉसहेअरवर (पडद्यावरच्या नेमाच्या फुलीवर), असं खेळलं की वर्षभर सराव करूनही फरक पडत नाही. जाणकारांनी भर घालावी.

स्लो_लोकल

वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. एक, जॉयस्टिक घ्यायलाच हवी का? दोन, घ्यायची तर महागडी की साधी?

वेधशाळा

फ्रीस्पेस माउसवरही खेळता येतो आणि बरा खेळता येतो. पर्यायांच्या पडद्यात माउसने उड्डाण चालू करायचं आणि संवेदनशीलता मध्याच्या जरा खाली ठेवायची. एक्स-विंग अलायन्स (१९९९) मात्र मूळ रूपात जॉयस्टिक जोडलेली नसेल तर सुरूच व्हायला नकार देतो, हे लक्षात असू द्या.

घ्यायची तर निर्णय किमतीवर नको, सेन्सरवर करा. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो: १२ बटणं, पिळता येणारी दांडी, तळाशी छोटा थ्रॉटल (वेग कमीजास्त करायची पट्टी). शिकायला उत्तम, पण मध्याजवळ ढिली वाटते आणि पिळायच्या अक्षावर पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा, आत घासणारा भाग) असल्यामुळे कालांतराने तो थरथरायला लागतो. थ्रस्टमास्टर टी-१६०००एम: मुख्य दोन अक्षांना चुंबकीय हॉल सेन्सर, घासणारा भागच नाही, त्यामुळे मध्य वर्षानुवर्षं जागेवर राहतो. पण तिथेही पिळायच्या अक्षाला पोटेन्शिओमीटरच आहे आणि बिघडतो तो तोच. दांडीतून खाली जाणाऱ्या तारा पिळून पिळून तुटणं हा पिळ असलेल्या सगळ्याच काड्यांचा (म्हणजे जॉयस्टिकचा) शाप. बटणं एकाएकी मेली की आधी तारा बघा, सर्किट बोर्ड नंतर.

पैसे मोजकेच असतील तर स्वस्त काडी आणि चांगला कळफलक. उलटं करू नका.

निळी_शाई

शेवटच्या वाक्याला +१, आणि कारणही लिहून ठेवते. साध्या पडदावाल्या कळफलकात तारांची जाळी असते, ओळी आणि रकाने. त्यात ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की चौथी दाबल्याचा भास होऊ शकतो. तो टाळायला कळफलक तिसरी कळ सरळ गिळून टाकतो. लढाईत टॅब (आफ्टरबर्नर, म्हणजे जादा वेगाचा झटका), कंट्रोल (तोफा) आणि एखादी दिशेची कळ एकाच वेळी दाबलेली असते. वर एक्स दाबून काउंटरमेझर (क्षेपणास्त्र चकवणारं आमिष) सोडायला जावं तर ते सुटतच नाही, आणि लोक खेळाला शिव्या घालतात.

तपासायचं कसं: ऑनलाइन कळफलक-चाचणीचं कुठलंही पान उघडा, आपल्या नेहमीच्या तीन कळा दाबून धरा आणि चौथी दाबा. पडद्यावर उमटली नाही तर ते संयोजन निकामी. नवा कळफलक घ्यायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट या कळा बहुतेक कळफलकांत या जाळीच्या भानगडीबाहेर असतात, म्हणून सतत दाबून धरायच्या गोष्टी त्यांच्यावर टाका. आफ्टरबर्नर टॅबवरून डाव्या शिफ्टवर नेलात तरी निम्मा त्रास जातो. फक्त विंडोजचं 'स्टिकी कीज' आधी बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर ऐन धुमश्चक्रीत खिडकी उघडते.

चकवा

खटपट्या यांनी डाव्या हाताचा मुद्दा काढलाच आहे तर त्यातला खरा घोटाळा सांगतो. एका खेळातली वेगाची सवय दुसऱ्या खेळात नेली की माणूस मरतो, कारण वेग आणि वळण यांचं नातं प्रत्येक मालिकेत निराळं आहे.

टाय फायटर (१९९४) आणि त्या एक्स-विंग घराण्यातले पुढचे खेळ: थ्रॉटल एक तृतीयांशावर असताना विमान सगळ्यात चपळ वळतं. पूर्ण वेगात ते जडशीळ होतं. म्हणून तिथे शत्रू मागे लागला की वेग उतरवायचा, वळायचं, समोर आला की पुन्हा वाढवायचा.

फ्रीस्पेस: नाक फिरण्याचा वेग विमानागणिक ठरलेला आहे, थ्रॉटल कुठेही असो. वेग उतरवून नाक लवकर फिरत नाही, फक्त वळणाचा घेर लहान होतो. घेर लहान होणं उपयोगी आहेच (शत्रूच्या शेपटाला चिकटून राहता येतं), पण मागून मारा होत असताना थांबून फिरायला गेलात तर चपळाई तेवढीच राहते आणि तुम्ही मात्र स्थिर लक्ष्य होता. इथे आफ्टरबर्नरचा झटका देऊन आडवं निघायचं, अंतर पडलं की फिरायचं.

एलिट डेंजरस (२०१४): वेगाच्या पट्टीवर मधोमध निळा भाग आहे, त्यात असताना वळण सगळ्यात चांगलं. वर आणि खाली दोन्हीकडे बिघडतं. शिवाय इंजिनाला दिलेली ऊर्जाही वळणात भर घालते.

आणि आता गंमत. एक्स-विंग घराण्यात बॅकस्पेस म्हणजे पूर्ण वेग आणि उलटी तिरपी रेघ म्हणजे थांबा. फ्रीस्पेसमध्ये बरोबर उलट, बॅकस्पेस म्हणजे शून्य. चौकटी कंसांच्या कळा दोन्हीकडे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. दोन्ही खेळ आलटूनपालटून खेळणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एकाच्या कळा बदलून दुसऱ्यासारख्या कराव्यात. वादच मिटला.

स्लो_लोकल

हे भारी आहे. मग ऊर्जेच्या वाटणीचं काय? फ्रीस्पेसमध्ये त्या तीन पट्ट्या कोपऱ्यात दिसतात, कधी हात लावावा तेच उमगत नाही.

चकवा

तोफा, ढाली, इंजिन अशा तीन पट्ट्या. इन्सर्ट-डिलीट तोफांसाठी, होम-एंड ढालींसाठी, पेजअप-पेजडाउन इंजिनासाठी. वरची कळ वाढवते, तिच्या खालची कमी करते, म्हणजे सहा कळांचा ठोकळा पट्ट्यांच्या चित्रासारखाच आहे, न बघता बोटं बसतात. एकीला दिलं की ते बाकीच्या दोघींकडून जातं.

सगळं सारखं ठेवणं हा सगळ्यात आळशी पर्याय. मोहिमेच्या सुरुवातीला शत्रू लांब असतो तेव्हा ढाली भरलेल्याच असतात. तिथली ऊर्जा फुकट जाते, ती इंजिनात टाका. कमाल वेग वाढतोच, शिवाय आफ्टरबर्नर लवकर भरतो. भिडायच्या जरा आधी तोफांकडे वळवा. ढाल पडली की पळ काढायचा, आणि पळतानाच ढालीकडे द्यायचं. तोफा तेव्हा तशाही गप्प असतात.

ढालीचे चार भाग आहेत. पाठीमागून मार खाताय आणि पुढचा भाग भरलेला आहे, तर क्यू दाबा, चारही बाजू सारख्या होतात. बाणांच्या कळांनी एकाच बाजूला भर देता येते, मोठ्या जहाजाच्या तोफांसमोर सरळ जाताना ते कामाला येतं. लढाईच्या गर्दीत क्यू पुरतं.

दोन्ही प्राथमिक तोफा जोडून एकदम मारायचा मोह आवरा. ऊर्जा दुपटीने संपते, आणि दोन तोफांच्या गोळ्यांचा वेग वेगळा असेल तर आघाडीचं चिन्ह (हलत्या शत्रूच्या पुढे कुठे मारायचं ते दाखवणारं) एकीसाठी बरोबर आणि दुसरीसाठी चूक. सुबाक एचएल-७ किंवा प्रोमीथिअस आर या तोफा ढाल पाडणं आणि धातू फोडणं ही दोन्ही कामं बरी करतात. मॅक्सिम धातू फोडते पण ढालीवर दुबळी, सर्सी ढाल खरवडते पण पुढे काही करत नाही. या दोघींची जोडी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात सतत बदलत बसावं लागतं आणि तेवढ्यात शत्रू निसटतो. कायझर हाताशी आली की बाकीच्यांची आठवण येत नाही, फक्त तिची भूक मोठी आहे म्हणून तोफांची पट्टी वर ठेवा.

अर्धा_कप

एलिटवाल्यांसाठी भर. तिथे वाटणी खुंट्यांमध्ये आहे. एकूण सहा, सुरुवातीला दोन-दोन-दोन, एका खात्यात जास्तीत जास्त चार. एकदा कळ दाबली की त्या खात्यात एक येते आणि उरलेल्या दोघांतून अर्धी-अर्धी जाते. खालचा बाण सगळं समान करतो. म्हणून हवी ती मांडणी आठवत बसण्यापेक्षा 'खालचा बाण एकदा, मग डावा दोनदा' असे बोटांचे ठेके पाठ करा. डावा म्हणजे ढाली आणि इतर यंत्रणा, वरचा इंजिन, उजवा शस्त्रं. 'खाली, डावा, डावा' म्हणजे ढालींना चार, बाकी दोघांना एक-एक. मार खाताना चार खुंट्या ढालीत असणं आणि नसणं यात ढाल टिकण्याच्या काळाचा मोठा फरक पडतो.

जिंबलवाल्या तोफा आपणहून नेम धरतात, शत्रूने चॅफ (नेम चकवणारा कचरा) सोडला की मात्र वेड्यासारख्या हलतात. तेव्हा लक्ष्याची निवड काढून टाका, त्या सरळ समोर मारायला लागतात.

गिरणगावकर

बाकी उड्डाणाचं तज्ज्ञ सांगताहेत, मी यंत्राचं लिहितो. मुंबईच्या हवेत जॉयस्टिक कशाने मरते तर वापराने कमी, दमटपणाने जास्त.

पहिलं लक्षण: मूठ चिकट होते. मऊ रबरासारखा जो थर दिलेला असतो तो दमट हवेत विघटन पावतो, दोन-तीन पावसाळ्यांत बोटांना काळा चिकटा यायला लागतो. पावडर लावून उपयोग नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन थर पूर्ण उतरवून टाका, खालचं कडक प्लास्टिक निघतं. अर्धवट उतरवला तर डाग-डाग राहतात. बटणांवरची अक्षरं पुसली जातील, चालवून घ्या.

दुसरं लक्षण: दांडी न हलवता विमान एका बाजूला सरकतं किंवा थरथरतं. विंडोजमध्ये 'रन' उघडून जॉय डॉट सीपीएल लिहा, गुणधर्मांत चाचणीची चौकट येते. दांडी सोडून द्या आणि फुली बघा. फुली स्थिर आहे पण मधोमध नाही, तर नुसतं कॅलिब्रेशन करा, काम झालं. फुली नाचतेय तर कॅलिब्रेशन कितीही केलं तरी फुकट, पोटेन्शिओमीटरचा पट्टा मळलाय किंवा झिजलाय.

मळलाय का झिजलाय हे मल्टिमीटर सांगतो. केबल काढा, तळाचे स्क्रू काढा (एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो, जोर लावून उघडू नका). पोटेन्शिओमीटरच्या बाहेरच्या दोन पायांमधला रोध स्थिर असायला हवा, समजा दहा किलोओहम. मग मधला पाय आणि एक बाहेरचा पाय धरून दांडा सावकाश फिरवा. आकडा सरळ चढत गेला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर आत कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक छोटा फवारा मारा, दांडा वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या, पुन्हा मोजा. घरात असतो तो नेहमीचा डब्ल्यूडी-४० मारू नका, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसून महिन्याभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. शिलाई मशीनच्या तेलाचं तर नावही नको.

क्लिनरने सुधारलं नाही तर बदला. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, रविवारी जाऊ नका. जुना भाग सोबत न्या, कारण चार गोष्टी जुळाव्या लागतात: रोध, दांड्याची लांबी, दांडा गोल आहे की एका बाजूने सपाट, आणि पायांची दिशा. वर बी-१०के असं छापलेलं असेल तर बी म्हणजे लिनियर. ए असेल तो आवाज कमीजास्त करायचा, लॉग पट्ट्याचा. तो बसेल, चालेलही, पण दांडी मध्यावर असताना आकडा मध्यावर नसेल आणि एका बाजूला विमान दुप्पट वेगाने फिरेल.

बसवताना दांडी मोकळी सोडून मीटरवर निम्मा रोध येईल अशा स्थितीत दांडा फिरवायचा आणि मगच आवळायचा. मुठीच्या सांध्याला ग्रीस हवं असेल तर सिलिकॉन ग्रीस, शेंगदाण्याएवढं.

आणि एक, काडीच्या तळाचे सक्शन कप सनमायकाच्या टेबलावर पावसाळ्यात टिकत नाहीत. प्लायवूडच्या फळीवर काडी स्क्रूने बसवा आणि फळी टेबलाला सुताराच्या सी-क्लॅम्पने आवळा. खेळ झाला की फळीसकट उचलून कपाटावर. दहा बाय बाराच्या खोलीत याहून सोयीचं काही नाही. पावसाळ्यात ठेवताना पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

वेधशाळा

गिरणगावकर, दंडवत. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

डेडझोनबद्दल (मध्याजवळची जेवढी हालचाल खेळ मोजतच नाही तेवढा भाग) जोडतो. थरथर लपवायला लोक डेडझोन वाढवत नेतात. वीस टक्क्यांवर गेलात की बारीक नेम संपला, कारण नेमाच्या शेवटच्या दुरुस्त्या मध्याजवळच होतात. चांगल्या स्थितीतल्या काडीला तीन ते पाच टक्के पुरतात. त्याहून जास्त लागत असेल तर वरचा स्क्रूड्रायव्हर-अध्याय वाचा.

स्लो_लोकल

पिळायचा अक्ष कशाला लावू? काडी डावी-उजवीकडे नेली की नाक वळावं की विमान कुशीवर व्हावं?

अर्धा_कप

आडव्या हालचालीवर कुशीवर होणं, पिळावर नाक वळवणं. विमान असंच उडतं, एलिटही तसंच शिकवतो.

चकवा

एलिटपुरतं मान्य, फ्रीस्पेसला अजिबात नाही. एलिटमध्ये नाक आडवं वळवण्याची ताकद मुद्दामच तोकडी ठेवली आहे, म्हणून आधी कुशीवर व्हा मग नाक खेचा हे तिथे भागच आहे. फ्रीस्पेसमध्ये नाक आडवंही झकास वळतं. मग दोन पायऱ्यांचं काम का करायचं? आडव्या हालचालीवर नाक, पिळावर कुशी. शिवाय मनगट पिळताना काडी थोडी तरी कलंडतेच. नेमाचा अक्ष पिळावर ठेवलात तर तो कलंडा थेट नेमात जातो.

अर्धा_कप

कलंडण्याचा मुद्दा पटला. तरी दोन्ही खेळ खेळणाऱ्याने एकच मांडणी ठेवावी असं माझं मत कायम. हाताला दोन व्याकरणं शिकवायची आणि मग ऐन वेळी घोटाळा.

निळी_शाई

एलिटमधल्या मांडणीची फाइल वेगळी जपून ठेवा. विंडोजच्या लोकल अ‍ॅपडेटामध्ये फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सच्या फोल्डरात, ऑप्शन्सखाली बाइंडिंग्ज. खेळ सुरू करताना काडी जोडलेली नसेल किंवा एखादं उपकरण सापडलं नाही तर आपली मांडणी बाजूला पडून मूळची येते, आणि घाबरून लोक सगळं पुन्हा बसवत बसतात. खेळ बंद करा, काडी लावा, पुन्हा सुरू करा, बहुतेकदा परत येते. नाही आली तर जपलेली प्रत तिथे टाका.

स्लो_लोकल

आता खरं रडगाणं. मोठ्या जहाजाचं रक्षण करायच्या मोहिमा. लढाऊ विमानं पाडतो, तोवर जहाज गेलेलं असतं.

खटपट्या

कारण तुम्ही लढाऊ विमानं पाडता. जहाज बुडवतात बॉम्बर. लढाऊ विमानं तुम्हाला गुंतवून ठेवायलाच पाठवलेली असतात.

एच दाबलं की सगळ्यात जवळचा शत्रू निवडला जातो, आणि जवळ असतात ती नेमकी लढाऊ विमानं. रक्षणाच्या मोहिमेत एच विसरा, बी वापरा. बी बॉम्बर आणि सुटलेले बॉम्ब निवडतं. मोहीम सुरू झाल्यापासून दर काही सेकंदांनी बी दाबत राहायचं. नवी तुकडी अवकाशउडीतून बाहेर आली रे आली की तिच्याकडे नाक, ऊर्जा इंजिनात, आफ्टरबर्नर. बॉम्बर जड आणि मंद असतात, त्यांच्यापर्यंत लवकर पोचणं हाच सगळा खेळ.

शस्त्रं निवडायच्या पडद्यावर ट्रेबुशे हे क्षेपणास्त्र मिळत असेल आणि तुमचं विमान ते पेलत असेल तर डोळे झाकून घ्या. खूप लांबून लॉक होतं (लक्ष्य पकडतं) आणि बॉम्बरला चुकवायला जमत नाही. लॉक होईपर्यंत नाक लक्ष्यावर ठेवावं लागतं, म्हणून त्या काळात सरळ उडा, उगाच नागमोडी नको. लॉकचा त्रिकोण पूर्ण जुळल्याशिवाय सोडलं तर क्षेपणास्त्र आंधळं जातं.

बॉम्ब सुटलाच तर तोही पाडता येतो. बी, मग तोफा. पण अगदी जवळून फोडू नका, त्याचा धक्का तुमच्याही ढालीला बसतो. आणि त्याच्या मागे पूर्ण वेगात गेलात तर पुढे निघून जाता. एम दाबा, म्हणजे लक्ष्याच्या वेगाइतका वेग आपोआप ठरतो. ऑल्ट-एमने ही जुळणी कायमची चालू ठेवता येते, पण घोळक्यात तसं नको. लक्ष्य मंदावलं की तुम्हीही मंदावता आणि बाकीचे तुमच्यावर तुटून पडतात.

सोबतचे वैमानिक शोभेला नाहीत. सी दाबून संदेशांची यादी उघडा. लढाऊ विमानांवर त्यांना सोडा, बॉम्बर तुम्ही घ्या. उलट केलंत तर ते बॉम्बरच्या मागे जाताना वाटेत पहिल्याच भांडणात अडकतात.

चकवा

यात एक भर. शत्रूची युद्धनौका जवळ असेल तर बॉम्बर कुठल्या बाजूने येताहेत ते बघून त्यांच्या आणि आपल्या जहाजाच्या मध्ये राहा, शत्रूच्या नौकेच्या बाजूला नको. फ्लॅक (हवेत फुटणारे गोळे) आणि विमानविरोधी किरणतोफांच्या माऱ्यात ढाल काही क्षणांत संपते. तिथे जावंच लागलं तर के दाबून एकेक तोफ निवडायची आणि ती फोडायची, जहाजावर बेछूट मारा करून काही हाती लागत नाही. नौका फुटायला आली की दूर व्हा. तिचा स्फोट विमान गिळतो.

स्लो_लोकल

बी, एम, सी. लिहून मॉनिटरला चिकटवतोय. अवांतर: भंगारात १५ पिनांची एक जुनी काडी मिळतेय, चार अक्षांची. जोडणीचा डबा घेऊन यूएसबीला लावता येईल का?

गिरणगावकर

नुसत्या पिना बदलणाऱ्या डब्याने नाही. जुन्या गेम पोर्टमध्ये काडीत मेंदू नसायचा. आत शंभर किलोओहमचे पोटेन्शिओमीटर, आणि साउंड कार्ड एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो त्यावरून रोध ओळखायचं. यूएसबीला आकडे लागतात, म्हणून मध्ये चिप हवीच.

अर्डुइनो प्रो मायक्रो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घ्या, पाच व्होल्टचा, एटीमेगा ३२यू४ चिपचा. ऊनो घेऊ नका, त्याची यूएसबी वेगळ्या चिपवर असते आणि संगणकाला तो सहजी जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. ३२यू४ थेट दिसतो, जॉयस्टिक लायब्ररी टाकली की झालं.

पिना अशा: १, ८, ९ वर पाच व्होल्ट, ४ आणि ५ ग्राउंड. ३ आणि ६ पहिल्या काडीचे आडवा-उभा अक्ष, ११ आणि १३ दुसऱ्या जोडीचे, म्हणजे चार अक्षांच्या काडीत बहुधा थ्रॉटल आणि रडर. बटणं २, ७, १०, १४. बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला जाते, म्हणून अर्डुइनोत आतला पुलअप (बटण सुटलेलं असताना पिन पाच व्होल्टवर ठेवणारा रोध) चालू करायचा.

अक्षांची मेख अशी की पोटेन्शिओमीटरचे दोनच पाय जोडलेले असतात, पाच व्होल्ट आणि मधला. अर्डुइनोला व्होल्टेज लागतं, रोध नाही. मधल्या पायापासून ग्राउंडला शंभर किलोओहमचा रोध लावून भागवणारे आहेत, पण हिशेब करा: एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला २.५, आणि मध्यावर ३.७५ यायच्या जागी ३.३३. म्हणजे मध्य सरकला आणि दोन बाजूंची चाल वेगळी झाली. सरळ उपाय, काडी उघडा आणि रिकामा तिसरा पाय ग्राउंडला जोडा. मधल्या पायावर सरळ रेषेत व्होल्टेज मिळतं.

शंभर किलोचा पोटेन्शिओमीटर अर्डुइनोच्या इनपुटला जरा जड पडतो, आकडा नाचतो. प्रत्येक अक्षाच्या इनपुटपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वर १०४ लिहिलेला) लावा आणि प्रोग्रॅममध्ये आठ वाचनांची सरासरी घ्या. तरीही नाचत असेल आणि लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असेल तर चार्जर काढून बॅटरीवर बघा. स्थिर झालं तर दोष अर्थिंगचा आहे, काडीचा नाही.

दांडीच्या पूर्ण हालचालीत पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरत नाही, त्यामुळे ० ते १०२३ मधला काहीच भाग येईल, समजा ३०० ते ७२०. ते प्रत्यक्ष बघून कमाल-किमान प्रोग्रॅममध्ये लिहा.

भंगारवाल्याकडे घेण्याआधी मल्टिमीटर घेऊन जा. पिन १ आणि ३ मध्ये ओहम लावून दांडी डावी-उजवी करा, मग १ आणि ६ वर पुढे-मागे. आकडा सलग फिरला तर घ्या. बटणं काय, दुरुस्त होतात.

निळी_शाई

ती काडी डॉसबॉक्समध्ये (डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) जुन्या खेळांना लावणार असाल तर सेटिंगच्या फाइलीत जॉयस्टिकच्या भागात प्रकार 'ऑटो' न ठेवता चार अक्षांचा ठरवून लिहा, आणि 'टाइम्ड' फॉल्स करा. खेळात काडी आपोआप सरकत राहण्याचं ते नेहमीचं कारण. सायकल्सही (खेळाला किती वेगाचा संगणक भासवायचा तो आकडा) ठरवून द्या. १९९०चा पहिला विंग कमांडर संगणकाच्या वेगानुसारच पळतो, मोकळा सोडला तर शत्रू दिसायच्या आत लढाई संपते. ३०००पासून सुरू करा आणि कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त करत जा. टाय फायटरला याच्या कितीतरी पट लागतात, त्यामुळे दोन्ही खेळांच्या सेटिंग फाइली वेगळ्या ठेवा.

स्लो_लोकल

पिन १ आणि ३ वर आकडा सलग फिरतोय. १ आणि ६ वर मध्याजवळ उडी आहे. घेऊ?

गिरणगावकर

भाव पाडून घ्या. घरी आणल्यावर आधी क्लिनर, नाही सुधारलं तर बी-१००के, लिनियर. जुना सोबत न्यायला विसरू नका, त्या काळच्या काड्यांत दांडा बहुधा आखूड असतो.